नाव पांघरण्याचा दिवस

“पोराला त्या नावाला ओ देऊ देऊ नकोस. थट्टेतसुद्धा नाही.”

कालूम्बू आत्यांनी न्सेयाला हे बजावलं तेव्हा म्पोयो नुकता बोलायला लागला होता. दात फुटत होते तेव्हापासून आजोबांच्या मांडीवर बसून तो त्यांच्या मनगटातलं कडं चावायचा. ज्या कड्यापुढे सारा मुलूख छातीला माती फासून गुडघे टेकायचा, ते लाळेनं ओलंचिंब व्हायचं आणि म्हातारा राजा खदखदून हसायचा. पोर बोलायला लागलं तसा म्हाताऱ्यानं एक खेळच काढला. “काबाम्बा कुठे आहे?” असं स्वतःचंच नाव घेऊन, इकडेतिकडे शोधल्यासारखं करत विचारायचं. म्पोयोनं छाती पुढे काढून ओरडायचं, “मी इथंच आहे!” की लगेच भाजलेला शेंगदाणा तोंडात. अख्खं घर पोट धरून हसायचं. न्सेयाही हसायची.

“खेळतंय हो आत्या. कळतंय का त्याला काही?”

“त्याला नाही कळत,” आत्या म्हणाल्या होत्या. “नावाला कळतं.”

न्सेयानं मान डोलावली आणि सोडून दिलं. वास्तविक सोडून देणारी बाई ती नव्हेच. झोपेतून उठून पोराच्या नाकाशी बोट धरून बघणारी, चुलीतला निखारा उडाला तर अंगणभर शोधणारी. तापाला भ्यायची, सापाला भ्यायची, नदीतल्या मगरीला भ्यायची, जावेच्या नजरेला तर सगळ्यांत जास्त. घरातल्या बायका तिला हसत. एवढ्या भीती तिनं पदराशी बांधल्या, आणि नेमकी हीच एक बाहेर ठेवली.

म्हातारा गेला. नदीचा प्रवाह वळवून, कोरड्या झालेल्या पात्रात त्याला पुरून, वरून पाणी पुन्हा सोडून दिलं. रडणंही संपलं. आज राजवाड्याच्या मोठ्या अंगणात नाव पांघरण्याचा दिवस होता, आणि चार पावसाळे बघितलेला म्पोयो सकाळपासून आईच्या नजरेसमोर नव्हता.

“बापाबरोबर असेल गं,” कापिंगा म्हणाली. कापिंगा म्हणजे थोरली जाऊ, म्हाताऱ्याचा थोरला मुलगा मुतोंबो याची बायको. बायकांच्या बाजूला सगळ्यांत पुढची चटई तिनं बळकावली होती. कपाळापासून खांद्यांपर्यंत लाल चंदनाची भुकटी चोपडली होती. “तू आपली माझ्याकडे बघ. कशी दिसते?”

“छान दिसता, जाऊबाई.”

“अंहं. आता जाऊबाई म्हणून घे तासभर. मग काय म्हणशील?”

बायका खुदखुदल्या. न्सेयाही ओठ दाबून हसली. उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. या घरात काबाम्बा मरत नाही, नुसतं अंग बदलतो. जो ते नाव पांघरतो तो काबाम्बाच होतो. काबाम्बाची बायको ती त्याची बायको, काबाम्बाचे मुलगे ते त्याचे मुलगे. आज मुतोंबो नाव पांघरणार होता. म्हणजे आपल्या धाकट्या भावाचा, न्सेयाच्या नवऱ्याचा, तो बाप होणार होता.

“सासूबाई,” न्सेया म्हणाली.

“कशी बोललीस! पाय चेप म्हटलं तर चेपायचे हं. आणि ह्यांच्यासमोर आता तोंडावरून कापड घ्यायचं. सासरे व्हायचेत ते तुझे. त्यांच्या ताटात डोकवायचं नाही, सावलीला उभं राहायचं नाही, अंगाला तर बोटसुद्धा लागता कामा नये. काल चुलीपाशी धक्का मारून गेलीस ना त्यांना? तो शेवटचा.”

पुन्हा हशा पिकला. न्सेया हसत होती आणि मान उंचावून पुरुषांच्या बाजूला पोराला शोधत होती. नवा काबाम्बा झाला की घरातल्या पुतण्यांची गंमत संपते हे तिला माहीत होतं. म्हाताऱ्यानं नाव पांघरलं त्या वर्षी त्याचे दोन पुतणे हत्तीच्या शिकारीला म्हणून गेले होते. हत्ती परत आले, ते आले नाहीत. मुतोंबोच्या डोळ्यांत ती शिकार तिला कधीचीच दिसत होती.

समोर पाहुणे बसले होते. दूरदूरच्या मुलखांचे सरदार, कोणी काबाम्बाचा पुतण्या, कोणी भाचा, कोणी मेहुणा. यांच्यातले खरे रक्ताचे थोडेच. पहिला काबाम्बा डोंगरातून धनुष्य घेऊन आला, त्यानं इथल्या जमिनीच्या मालकिणीशी लग्न केलं, तिनं त्याच्या हातात हत्तीच्या शिरा वळून केलेलं कडं चढवलं. मग तो जो मुलूख जिंकेल तिथल्या माणसाला नातं देत गेला. कोणाला मुलगा केलं, कोणाला जावई. ते मेले, पण त्यांची नावं पांघरली गेली, आणि नाती जशीच्या तशी राहिली. एवढं मोठं राज्य भाल्यांनी कुठे उभं राहतं? ते या नात्यांवर उभं होतं. ज्याला पायाखाली घ्यायचं त्याला आधी भाऊ म्हणायचं, ही या घराण्याची सगळी हुशारी.

पाहुण्यांत सगळ्यांत जाडजूड, सगळ्यांत हसरा होता पूर्वेचा कापोलो. पहिल्या काबाम्बाबरोबर डोंगरातून त्याचा धाकटा भाऊ कापोलो आला होता. तो पूर्वेला जाऊन मिठाच्या मुलखाचा धनी झाला. तेव्हापासून तिकडे जो कापोलो असेल तो इकडच्या काबाम्बाचा धाकटा भाऊ, आणि दर उन्हाळ्यात मिठाचे भारे पाठवायचं काम त्याचं. हा कापोलो वाळवलेल्या अळ्या मुठीनं खात बसला होता आणि शेजारच्याला कोपरानं ढोसून काहीतरी चावट सांगत होता.

नगारा थांबला.

कालूम्बू आत्या उठल्या. म्हाताऱ्याची बहीण, कड्याची राखणदारीण. त्या मेलेल्या भावाच्या बंद दारापाशी गेल्या, लोकांकडे पाठ केली आणि हातातली काठी दारावर आपटली.

“काबाम्बा कुठे आहे?”

मुतोंबो उभा होता, अंगावर बिबट्याचं कातडं. लगेच उत्तर द्यायचं नसतं, घाई केली तर भूक दिसते. त्यानं सावकाश छाती भरून घेतली, आकाशाकडे बघितलं, ओठ उघडले.

“मी इथंच आहे!”

आवाज बारीक होता. खणखणीत, आनंदी. दाराजवळच्या रांजणाआडून म्पोयो पुढे आला, छाती काढून, आणि त्यानं दाण्यासाठी तळहात पसरला.

न्सेयाच्या तोंडावर अजून मघाचं हसू होतं. ते तिथंच राहिलं. चेहऱ्याला काय करायचं ते कळेना. शेजारी कापिंगाच्या हातातून चंदनाची करवंटी निसटली आणि लाल भुकटी चटईवर पसरली, ती कोणी झाडली नाही. कुठेतरी एक म्हातारा कण्हल्यासारखा “आई गं” म्हणाला. तेवढंच.

मग मुतोंबोचा आवाज फुटला.

“उचला त्याला! पोर आहे ते! आत्या, पुन्हा विचारा!”

आत्या वळल्या. न्सेयानं त्यांचा चेहरा पाहिला. आत्यांच्या काळ्या कातडीखालून कोणीतरी रंगच काढून घेतला होता.

“दारानं एकदाच विचारायचं असतं, मुतोंबो.”

“त्याच्या आजोबांनी लावलेली सवय आहे ती! साऱ्या घराला माहीत आहे!”

“मलाही माहीत आहे,” आत्या म्हणाल्या. “ज्यांना सांगायचं त्यांना मी सांगितलं होतं.” त्यांनी न्सेयाकडे बघितलं नाही, आणि ते बघण्याहून वाईट होतं. “तुझ्या बापानं नाव पांघरलं तेव्हाही दारानं एकदाच विचारलं. त्याच्या बापाच्या वेळीही. दोनदा विचारता येत असतं तर तुझा बाप राजा झाला नसता, त्याच्याहून दांडगा भाऊ होता त्याला. नावानं उत्तर दिलं. संपलं.”

त्यांनी म्हाताऱ्याचं ताडाच्या धाग्यांचं वस्त्र उचललं आणि पोराच्या खांद्यावर टाकलं. ते इतकं मोठं होतं की त्यात म्पोयोचे पाय दिसेनात. मग कडं. कडं मनगटात राहीना, म्हणून दंडापर्यंत चढवलं, तिथंही ते गळायला लागलं. सरदार एकामागून एक वाकले, मातीची चिमूट घेऊन छातीला आणि दंडांना चोळू लागले. टाळ्यांचा तो संथ, दबका आवाज सुरू झाला. म्पोयोनं आजूबाजूला बघितलं. दाणा कोणीच देत नव्हतं. त्याचा खालचा ओठ बाहेर आला.

“आई?”

न्सेया धावली. तिला नंतर आठवत नाही ती कोणाकोणाला ओलांडून गेली. पोर दोन हातांवर असताना तिच्या छातीला काठी आडवी आली.

“मागे हो,” आत्या हळूच म्हणाल्या.

“रडतोय तो, आत्या.”

“सासरे आहेत ते तुझे.”

“आत्या, काहीतरीच काय—”

“कापड घे तोंडावरून, न्सेया. सगळे बघतायत. तू हात लावलास तर विटाळ होईल, आणि मुतोंबो त्यालाच टपलाय. भाला तुझ्यावर आधी पडेल, मग त्याच्यावर.” त्यांनी काठीनं तिला आणखी मागे सारलं. “कापड घे गं पोरी.”

न्सेयानं कापड ओढून घेतलं. कापडाआडून तिला आपल्या मुलाचं रडणं ऐकू येत होतं. त्या रडण्यासाठी रोज धावणारे पाय तिला हालवता येत नव्हते. पण तिची नजर कामाची होती, कापडाआडूनही. तिला पोराच्या ओठांवर चिकटलेली लालसर टरफलं दिसली. शेंगदाण्याची. ताजी.

म्हातारा तर कधीचाच गेला होता. मग दाणे कोणी दिले?

धान्याच्या कणगीमागे तिनं नवऱ्याला गाठलं. चिसेंगा भिंतीला टेकून उभा होता, दमून आल्यासारखा. तिला बघून त्यानं कमरेची पुरचुंडी मागे सरकवली. तिनं ती ओढली. त्यातून दाणे सांडले.

“अहो, हे तुम्ही केलंत?”

“हळू बोल.”

“तुम्ही त्याला रांजणामागे बसवलंत? तुम्ही?”

“मग काय करू? सांग ना! दादा राजा झाला असता तर पुढच्या उन्हाळ्यात म्पोयोला घेऊन शिकारीला गेला असता. तूच म्हणायचीस. रात्र-रात्र जागून तूच मला सांगायचीस की ह्या भावाची नजर बरी नाही, काहीतरी करा, काहीतरी करा! केलं मी काहीतरी!”

“हे?”

“आता त्याच्या केसाला कोणी धक्का लावणार नाही. साऱ्या मुलखाचा बाप आहे तो. तुझाही. माझाही.” तो हसायला गेला, ते त्याला जमलं नाही. “वाचला तो, न्सेया.”

“त्याला भूक लागली की कोण बघणार?”

“राजवाडाभर बायका आहेत—”

“झोपेत पांघरूण फेकतो तो. डाव्या कानाला वारा लागला की दुखतो कान. हे कोणाला माहीत आहे? तुला तरी माहीत होतं का रे?”

आजवर तिनं नवऱ्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. दोघांनाही ते ऐकू आलं. चिसेंगानं मान खाली घातली.

“मला वाटलं, हळूहळू होईल सगळं ठीक,” तो पुटपुटला. “तू लांबून बघशील. जिवंत तर राहील.”

सगळ्यांत भयंकर हेच होतं, की त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पोर जिवंत राहावं यासाठी तिनंही काय केलं नसतं? ती दाणे वेचायला वाकली, का ते तिचं तिलाच कळलं नाही, आणि त्याच वेळी अंगणातून कापोलोचं गडगडाटी हसू आलं.

“दादा! अहो दादा! किती वाळलात हो तुम्ही!”

दोघं धावत बाहेर आली. कापोलो मधोमध उभा होता. दंडांवर माती चोळलेली, हात पसरलेले. ढेरी सावरत तो म्पोयोसमोर गुडघ्यांवर बसला, आणि लोकही हसले. एवढ्या वेळात पहिल्यांदाच अंगणाला श्वास आला.

“ओळखलंत ना मला? धाकटा तुमचा. डोंगरातून बरोबर आलो होतो आपण, विसरलात? वाटेत तुम्ही मला खांद्यावर घेतलं होतंत. आता मी घेऊ?”

म्पोयोनं रडणं थांबवून त्याच्या ढेरीकडे बघितलं. कापोलोनं मिठाचा खडा काढून त्याच्या हातावर ठेवला. पोरानं चाटला.

“आवडलं! दादांना मीठ पहिल्यापासूनच आवडतं.” पुन्हा हशा. मग कापोलो आत्यांकडे वळला, आवाज तसाच मऊ. “ताई, एवढं धनुष्य उचलायचं राहिलं ना? आणा की.”

पहिल्या काबाम्बाचं धनुष्य आणलं गेलं. प्रत्येक काबाम्बानं ते नाव पांघरल्यावर उचलून दाखवायचं, एवढंच, ओढायचीही गरज नाही. ते पुरुषभर उंच होतं. म्पोयोनं दोन्ही हातांनी टोक धरलं, तोंड लाल करून ओढलं. धनुष्य मातीत रेघ काढत वीतभर सरकलं. तो धपकन बसला.

कोणीतरी हसलं. कापोलो हसला नाही.

“अरेरे,” तो म्हणाला. “दादा आजारी आहेत.”

आत्यांनी डोळे मिटले. न्सेयाला अजून उमगलं नव्हतं, पण आत्यांचा चेहरा बघून ती एक पाऊल पुढे सरकली.

“मोठा भाऊ आजारी पडला तर कोणाच्या घरी जातो?” कापोलोनं सगळ्या पाहुण्यांकडे बघत विचारलं. “सांगा की. माझ्या घरची रीत नाही सांगत मी, आपल्या सगळ्यांची आहे. मुलांच्या घरी जातो का? मुलं तर बाप कधी मरतो ते बघत बसतात. मोठा भाऊ आजारी पडला तर धाकट्याच्या घरी जातो. त्याचं धनुष्य जातं, त्याचं वस्त्र जातं, त्याचं कडं जातं. बरा होईपर्यंत.” त्यानं म्पोयोच्या डोक्यावर हात ठेवला. “पंधरा-वीस वर्षं लागतील बहुतेक. मी सांभाळीन. माझा दादा आहे तो.”

आधी कोणाला काही कळलंच नाही. मग कळलं, आणि ते कळणं चटईवरून चटईवर सरकताना न्सेयाला दिसलं, एकेक चेहरा विझत गेला. डोंगरातून आलेलं कडं, नदीकाठी वाढलेलं राज्य, एवढा मोठा डाव. आणि तो धाकट्या भावानं एक मिठाचा खडा देऊन खिशात घातला होता. भांडण नाही, भाला नाही. त्यांच्याच नात्यानं.

मुतोंबो तीरासारखा पुढे आला. आश्चर्य म्हणजे तो चिसेंगाच्या शेजारी येऊन उभा राहिला, खांद्याला खांदा लावून. “काका, बस्स झालं. हे पोर काबाम्बा नाही. माझ्या भावाचा मुलगा आहे, म्पोयो. बरोबर ना, चिसेंगा? बोल!”

“बरोबर,” चिसेंगा घाईघाईनं म्हणाला. “म्पोयो आहे तो. मीच दाणे दिले त्याला. खेळ होता.”

“हो का?” कापोलोनं भुवया उंचावल्या. “म्हणजे हे खरे काबाम्बा नाहीत?”

“नाहीत!”

“मग मी तरी कोणाचा कापोलो? माझ्याही दारानं एकदाच विचारलं होतं. आणि हे बसलेत ते कोणाचे भाचे, कोणाचे जावई? नाव एकदा पांघरून काढता येतं म्हणता?” त्यानं सरदारांकडे बघून हात पसरले. “चला रे, सुटलो आपण सगळे! उद्यापासून मीठ आपल्या घरी, तांबं आपल्या घरी. निरोप घ्या आणि निघा!”

सरदार एकमेकांकडे बघू लागले. त्यांतल्या दोघा-तिघांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. मुतोंबोनं ते बघितलं. हो म्हणावं तर कडं पूर्वेला जात होतं. नाही म्हणावं तर राज्यच इथं, या अंगणात, उभ्या उभ्या विरघळत होतं.

तो वळला आणि हसायला लागला. ते हसू ऐकून कापिंगानं कानांवर हात ठेवले.

“आत्या,” चिसेंगा काकुळतीला आला, “काहीतरी सांगा ना. तुम्ही कड्याच्या राखणदारीण.”

“काय सांगू?” आत्या जमिनीवर बसल्या होत्या, पोरीबाळींसारख्या पाय पसरून. “तुझी बुद्धी रे. भावापासून वाचवायला पोराला राजा केलंस. राजालाही भाऊ असतो, हे विसरलास.”

पालखी आणली गेली. उन्हं कलायच्या आत नदी ओलांडायची होती. एवढ्या गडबडीत म्पोयोला पुन्हा भूक आठवली, आणि तो रडू लागला. राजवाड्यातल्या बायका खिमट घेऊन आल्या. त्यानं त्यांचे हात झिडकारले. “आईच्या हातचं! आईच्या हातचं!” काबाम्बाला आई नसते. असलीच तर ती डोंगरात कधीची मरून गेलेली. बायका घाबरून मागे सरल्या.

न्सेया कापडाआडून बघत होती. सुनेनं सासऱ्याला शिवायचं नाही. सून. ती कोणाची सून होती? काबाम्बाच्या मुलाशी लग्न केलेली, म्हणून. तेवढ्या एका धाग्यानं ती आपल्या मुलापासून बांधून दूर ठेवली गेली होती.

ती शांतपणे आपल्या झोपडीत गेली. लग्नाच्या दिवशी माहेराहून आणलेला पाण्याचा घडा उचलला. बाहेर आली, चिसेंगासमोर उभी राहिली.

“न्सेया, नको,” तो म्हणाला. त्याला तिच्याआधी कळलं. “न्सेया, ऐक—”

तिनं घडा त्याच्या पायांशी फोडला.

बायकांच्या बाजूनं एकदम श्वास आत ओढल्याचा आवाज आला. घडा फुटला म्हणजे लग्न फुटलं. घर गेलं, चूल गेली, इथल्या जमिनीत पुरायचा हक्क गेला. पाणी चिसेंगाच्या बोटांमधून वाहून मातीत जिरलं. तो तसाच उभा होता. मग त्यानं हात पुढे केला, अर्धाच.

न्सेयानं तोंडावरचं कापड काढलं. सगळ्यांच्या देखत पालखीपाशी गेली, बायकांच्या हातातलं खिमट घेतलं आणि पोराच्या तोंडाशी धरलं. आता ती कोणीच नव्हती. वाटेवरची बाई. वाटेवरच्या बाईच्या हातचं काबाम्बाला चालतं.

“जावा होतो आम्ही,” कापिंगा रडत कोणालातरी सांगत होती, “माझी जाऊ होती ती.”

कापोलो बोटांनी हनुवटी खाजवत बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर थोडं कौतुक होतं.

“चल मग नदीपर्यंत,” तो म्हणाला. “माझी माणसं ओझ्यानं वाकलीत, पालखीत धनुष्य जाईल. तू दादांना घे.”

जळलेल्या गवताच्या रानातून ती पोराला कडेवर घेऊन चालली. मोठं वस्त्र मागे फरफटत होतं. कडं तिच्या बरगडीला रुतत होतं. म्पोयो पोट भरल्यामुळे बडबडत होता, वारूळ दाखवत होता, विचारत होता की आजोबा नदीत भिजत नाहीत का. ती उत्तरं देत होती. इतकी हळू चालत होती की मागचे लोक कुरकुरले. आपण बरोबर जाऊ, मीठ उकळू, झाडलोट करू, असं तिचं मनात ठरलं होतं. त्या वाटेभर ती जवळजवळ सुखी होती.

काठावर कापोलोनं पोराला तिच्या हातांतून घेतलं.

“बस्स, बाई.”

“मी कामाला येते. मला कोणी नाही आता.”

“म्हणूनच नको.” तो मऊपणानं बोलला, आणि तिला कळलं की हा माणूस कधी आवाज चढवणार नाही. “तू असलीस तर तो म्पोयोच राहील. नाव मुरू दे त्याच्या अंगात.”

होडी लोटली गेली. म्पोयोला आधी गंमत वाटली. मग त्यानं मधलं पाणी बघितलं.

“आई! ये ना! आई!”

न्सेया कमरेइतक्या पाण्यात होती. मगरीला भिणारी ती. “पोयो!” घरच्या लाडक्या नावानं ती ओरडली. “पोयो! मी इथंच आहे!”

त्यानं ऐकलं. तो वळला. मग कापोलोनं त्याच्या डोक्यावरून वस्त्र ओढलं, वारा लागू नये म्हणून.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्या पावसाळ्यानंतर मिठाचे भारे इकडे आले नाहीत, इकडून तांबं तिकडे जाऊ लागलं. जिथं कडं तिथं काबाम्बा, जिथं काबाम्बा तिथं भाचे-जावई. मुतोंबोनं भाला उचलला, आणि त्याच्या बरोबर उठायला नातं उरलेलं कोणी नव्हतं. चिसेंगा त्याच्या शेजारीच पडला. राजवाड्याच्या अंगणात गवत उगवलं, आत्या त्यातच एकट्या बसत आणि बंद दाराकडे बघत.

न्सेया काठावर राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला उतारावर होडी ओढू लागायची, पाणी द्यायची, आणि एकच गोष्ट बोलायची. आजही तीच बोलते.

“पूर्वेला चाललात ना? मग एवढं करा. राजाच्या घरी उतरलात तर रात्री एकदा आत डोकावा. पांघरूण असेल तर डाव्या कानावर आहे का बघा, नसेल तर घाला. आणि सगळे झोपलेत असं वाटलं की हळूच, अगदी हळूच, पोयो म्हणून हाक मारा. कूस बदलतो का, तेवढंच बघून या.”